मागून सांगणारा

यशोधनला गोल्फमधलं सगळं कळायचं, एक वारा सोडून. आता गोल्फमधून वारा काढला तर उरतं काय, हे त्याला विचारायची सोय नव्हती. माणूस पुण्याचा, त्यातून आयटीत मॅनेजर. बायकोच्या, देवयानीच्या, मागे दोन हात अंतर ठेवून उभा राहायचा, घसा खाकरायचा आणि सांगायचा, "अगं, सेव्हन घे." वारा तोंडावर असला तरी सेव्हन, पाठीत असला तरी सेव्हन. खरं तर आयर्न म्हणजे लोखंडी तोंडाच्या काठ्या, म्हणजे क्लब; त्यांचं गणित सोपं असतं. नंबर लहान तितका चेंडू लांब आणि खालून जातो, नंबर मोठा तितका तो उंच चढतो आणि जवळ पडतो. तोंडावर वारा असताना पाच नंबर लागतो, हे देवयानीला समोर दिसत असायचं. तरी ती सेव्हनच काढायची, चेंडू अलीकडच्या वाळूत जाऊन बसायचा आणि मागून निकाल यायचा, "क्लब बरोबर होता. तूच नीट मारला नाहीस."

"ऐकतेस कशाला मग?" असं तिची मैत्रीण वीणा तोंडावर विचारायची. त्यावर देवयानी म्हणायची, "नाही ऐकलं तर घरी पोचेपर्यंत ऐकावं लागतं." पण ती नागपूरची, तोंडानं काही कमी नव्हती. क्लब त्याचा घ्यायची, पण चार शब्द सुनावल्याशिवाय नाही. "डोकंबिकं फिरलंय का तुझं? झेंडा बघ कसा फडफडतोय!" दोघांचं हे अख्खा कोर्सभर चालायचं आणि मागच्या ग्रुपमधले गोरे लोक भाषा कळत नसताना हसायचे. इतक्या वर्षांत देवयानीनं स्वतःचा क्लब स्वतः कधी निवडला नव्हता हे खरं, पण एकदाही गपगुमान घेतला नव्हता हेही तितकंच खरं.

फेब्रुवारीत यशोधन गेला. श्रूजबरी या परदेशातल्या गावातल्या घरासमोरचा बर्फ काढत होता. देवयानी स्वयंपाकघरात नागपूरच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. त्यानं बाहेरून खिडकीवर टकटक केली आणि काहीतरी म्हणाला. काच दुहेरी, थंडीसाठी घट्ट बंद केलेली. ओठ हलताना दिसले, आवाज आला नाही. देवयानीनं हात दाखवला, थांब जरा, बोलतेय. तो मान हलवून वळला. फोन ठेवून ती दारात आली, तर तो फावड्याशेजारी आडवा पडलेला.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. असेल बापडं. पण तो म्हणाला काय? 'चहा टाक' म्हणाला? की 'छातीत दुखतंय' म्हणाला, आणि आपण त्याला हातानं थांब म्हटलं? देवयानी त्या खिडकीशी उभी राहून त्याचे ओठ आठवायची, तसे स्वतःचे हलवून बघायची. कधी त्यात चहा बसायचा, कधी छाती बसायची. लोक येऊन म्हणायचे, मन रमव, ट्रॅव्हल कर, योगा कर. तिला मन रमवायचं नव्हतं. तिला ते एक वाक्य हवं होतं, आणि ते सांगू शकणारा माणूस आता नव्हता.

यशोधननं आदल्या वर्षीच केपवरच्या, म्हणजे समुद्रात घुसलेल्या भूशिरावरच्या, एका जुन्या लिंक्स कोर्सवर चौघांसाठी बुकिंग करून ठेवलेलं होतं. चौघं म्हणजे हे दोघं आणि राजेश-वीणा. राजेश मुंबईचा, यशोधनचा ऑफिसमधला दोस्त, आणि वीणा म्हणजे देवयानीची जिवाभावाची मैत्रीण. ऑक्टोबर आला तसं राजेश चाचरत म्हणाला, "कॅन्सल करू या का, यार?" देवयानी म्हणाली, "कशाला? जाऊ या." सकाळी लवकर निघून दोन-अडीच तास ड्राइव्ह करून तिघं पोचले.

लिंक्स म्हणजे काय प्रकार असतो, तो बघितल्याशिवाय कळत नाही. झाड म्हणून नाही. नुसत्या वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर पिवळं राठ गवत आणि मधून समुद्राकडे निघालेली हिरवी पट्टी. जमीन अशी कडक, की चेंडू पडला की टण्णकन उडतो आणि वाटेल तिकडे पळतो. इथे चेंडू उंच मारणाऱ्याचं हसं होतं. वर गेला की वारा त्याला घेऊन जातो. इथे खालून मारायचा, अलीकडे टाकायचा आणि घरंगळू द्यायचा. अर्धे होल, म्हणजे खेळाचे टप्पे, क्लबहाउसपासून दूर दूर नेतात आणि उरलेले अर्धे परत आणतात. म्हणजे अगदी मधोमध गेलात की तुम्ही घरापासून सगळ्यात लांब असता.

नेमकं तिथेच धुकं आलं. समुद्रावरून आलं आणि बघता बघता झेंडा गेला, मग टेकडी गेली, मग राजेश. राजेशकडे अंतर मोजायचं लेझरचं यंत्र होतं, त्याचा त्याला भारी अभिमान. धुक्यातून त्याचा आवाज आला, "अरे यार, हे शून्यच दाखवतंय!" देवयानीचा चेंडू उजवीकडच्या खळग्यात गेला होता. ती ओरडून म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी मारून आलेच." वीणा म्हणाली, "लवकर ये गं, मला हे लक्षण काही ठीक दिसत नाही." मग त्यांच्या ट्रॉल्यांची चाकं कुरकुरत लांब गेली.

खळग्यात चेंडू सापडला. ग्रीन, म्हणजे झेंड्याभोवतीची कातरलेली हिरवळ, वर कुठेतरी, चढावर. देवयानीनं सवयीनं वेजला हात घातला. उंच उडवायचा क्लब.

"वेज नको. पटर घे."

आवाज मागून आला. दोन हातांवरून.

देवयानीचा हात वेजवरच राहिला. ती वळली नाही. पहिलं कारण असं, की यशोधननं तिला वर्षानुवर्षं एकच घोकवलं होतं, चेंडूपाशी उभी राहिलीस की मागे बघायचं नाही. दुसरं कारण तिला स्वतःलाच ठाऊक होतं. वळलं आणि मागे कुणी नसलं तर? आवाज त्याचाच होता. तोच, जरासा नाकातला. आपल्या डोक्यातला असेल, ती स्वतःला म्हणाली. असला तर असू दे. आठ महिन्यांनी ऐकायला मिळतोय ना!

तिनं पटर काढला, चेंडू नुसता घरंगळवायचा क्लब, आणि खळग्यातून चेंडू जमिनीवरूनच ढकलला. तो चढ चढून धुक्यात दिसेनासा झाला. ती वर गेली तेव्हा तो झेंड्याच्या बुडाशी, हातभर अंतरावर बसला होता. असला शॉट तिनं जन्मात मारला नव्हता.

राजेश-वीणा तिथे नव्हते. पुढच्या टीवर, पुढचा होल सुरू होतो तिथे, असतील म्हणून ती पुढे गेली. तिथेही कुणी नव्हतं. हवा एकदम पडली होती, गवताचं पातं हलत नव्हतं. ती सेव्हन काढायला गेली.

"फाइव्ह घे. वारा खाली नाही, वर आहे. तोंडावर."

तिनं फाइव्ह घेतला. चेंडू उठला, धुक्यात शिरला आणि वरच्या वर कशाला तरी अडल्यासारखा थांबून खाली आला. जाऊन बघते तो बरोबर ग्रीनवर. देवयानी चक्क हसली. पुढच्या होलवर आवाज म्हणाला, "एट घे, डावीकडच्या उंचवट्यावर टाक, आपोआप वळेल." तिनं टाकला आणि तो आपोआप वळला. दूर क्लबहाउसचा भोंगा वाजला, खेळ बंद करा, परत या म्हणून. तिनं ऐकला आणि मनात म्हणाली, जाऊ की, एक होल झाल्यावर. मुलगी माहेरी एक दिवस जास्त राहून घेते, तशी तिची गत झाली होती.

"एवढी अक्कल होती तर इतकी वर्षं कुठे ठेवली होतीस रे?" ती मोठ्यानं म्हणाली. "सेव्हन घे, सेव्हन घे करून माझा जीव खाल्लास. तुला कधी एकदा तरी बरोबर क्लब..."

तिथे ती थांबली.

कधीच नाही. एकदाही नाही. यशोधननं उभ्या आयुष्यात कधी वारा बरोबर सांगितला नव्हता. आणि हा तीनदा बोलला, तीनदा बरोबर. मागे जो कुणी उभा होता त्याला वारा कळत होता, जमीन कळत होती, न दिसणारे उंचवटे कळत होते. फक्त यशोधन कळत नव्हता.

मागून आवाज आला, जरा विचार करून बोलल्यासारखा.

"सेव्हन घे."

सेव्हन साफ चुकीचा होता. देवयानीला ते कळलं, आणि का चुकीचा सांगितला तेही कळलं. देवा रे, हे ऐकतंय, आपण बोललो ते यानं उचललं! तिथून पळावं, हे सरळ होतं. कुणीही शहाणा माणूस पळाला असता. पण तिच्या तोंडून काय निघालं? जी बाई इतकी वर्षं गपगुमान राहिली नाही ती आता कशी राहणार?

"असं नाही म्हणायचा तो," ती पुटपुटली. "आधी खाकरायचा. आणि 'अगं' म्हणायचा."

धुक्यात कुणीतरी खाकरलं. "अगं, सेव्हन घे."

देवयानीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं सेव्हन घेतला, चेंडू अलीकडेच वाळूत जाऊन बसला, आणि ती म्हणाली, "आता म्हण की, क्लब बरोबर होता."

"क्लब बरोबर होता."

"तूच नीट मारला नाहीस."

"तूच नीट मारला नाहीस," तो म्हणाला, आणि त्यात तिनं न सांगितलेला तो मिस्कील हेलही आला होता.

मग ती सांगत गेली. चालत होती आणि सांगत होती. चिडला की इंग्रजीत शिरायचास. फोडणी जास्त झाली की जेवण होईपर्यंत गप्प, आणि मग म्हणायचास, 'छान होतं, जरा करपलं होतं.' नागपूरला नावं ठेवायचास आणि सावजी मटण दोनदा मागून घ्यायचास. प्रत्येक तक्रारीबरोबर मागचा आवाज भरत गेला, त्याला श्वास आला, बुटांची खसफस आली. संसारात ज्या गोष्टींनी वैताग आणला त्याच एकेक करून ती धुक्यात परत टाकत होती आणि त्यातून नवरा उभा राहत होता. हा तो नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तरी थांबवत नव्हतं. ज्याला हे समजत नसेल त्यानं खुशाल तिला वेडी म्हणावं.

थांबली ती पायामुळे. पाय वाळूत रुतला. खाली हिरवळ नव्हती, राठ गवतही नव्हतं, ओली वाळू होती. कितीतरी वेळ ती कोर्सच्या बाहेर चालत होती. समोर समुद्राचा आवाज येत होता, आणि बुटाला पाणी लागून मागे सरलं.

"अगं, पुढे ये ना," आवाज म्हणाला. आता तो मागे नव्हता. समोर होता, पाण्याच्या बाजूला. "थोडंच राहिलंय."

त्या हाकेत इतकी माया होती, की देवयानीचा एक पाय आपसूक उचलला गेला. मग तिला वाटलं, जायचंच आहे तर आधी विचारून घेऊ. ज्यासाठी आठ महिने जीव टांगणीला लागलाय ते तरी कळू दे.

"यशोधन," ती म्हणाली. "त्या दिवशी खिडकीतून तू मला काय म्हणालास?"

धुक्यात कुणीतरी खाकरलं. मग थांबलं. मग पुन्हा खाकरलं.

"काय म्हणालो?" आवाज म्हणाला. हळूच, लाडीगोडीनं. "सांग ना. तू सांग, काय म्हणालो."

देवयानीनं सांगायला तोंड उघडलं होतं. अगदी जिभेवर आलं होतं, 'चहा टाक म्हणालास, दुसरं काही नाही.' ती एवढं म्हणाली असती की त्यानं ते म्हटलं असतं, त्याच्या आवाजात, त्याच्या हेलात, आणि ती सुटली असती. रोजच्या रोज त्या खिडकीशी उभं राहायचं संपलं असतं. फुकट मिळत होतं सगळं. फक्त ते तिचंच असतं. आपणच लिहायचं आणि आपणच सही करायची. आणि खरा यशोधन, जो बर्फात एकटा वळून गेला, तो काय म्हणाला ते कायमचं त्याच्याजवळच राहिलं असतं.

ते त्याच्याजवळच होतं. ते आता कधीच कळणार नव्हतं. ही गोष्ट तिला त्या ओल्या वाळूत उभं राहून पहिल्यांदा पुरती कळली, आणि छातीत अशी कळ आली की तिला खाली बसावंसं वाटलं.

ती बसली नाही. तिनं तोंड मिटलं, ट्रॉलीचा दांडा धरला आणि समुद्राकडे पाठ केली.

"फाइव्ह घे," मागून आवाज आला. ती चालत राहिली. "नको, सेव्हन घे. सेव्हन. अगं, सेव्हन ना? की नाइन?" प्रत्येक नंबरानंतर तो थांबत होता, ती काहीतरी बोलेल म्हणून. देवयानीला इतकं अवघड आयुष्यात काही गेलं नव्हतं. त्याला चुकीचं सोडून यायचं, दुरुस्त न करता! पदर असता तर तिनं तो तोंडात कोंबला असता. जॅकेटची बाही दातांत धरली आणि पुन्हा वाजलेल्या भोंग्याच्या दिशेनं चालत सुटली. वाळूचं गवत झालं, गवताची हिरवळ झाली.

"देवयानी! कुठे मेली होतीस गं!" धुक्यातून वीणा आली आणि तिनं गच्च हात धरला. ती रडकुंडीला आली होती. "किती हाका मारल्या! राजेश तिकडे लोकांना शोधायला पाठवतोय. आणि बूट काय हे, भिजलेत नुसते! कुणाबरोबर होतीस?"

"कुणाबरोबर नाही," देवयानी म्हणाली. "एकटीच होते." आणि वीणाच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. फेब्रुवारीत अंत्यविधीला आली होती ती सगळी माणसं तिला रडवायला बघत होती, तेव्हा नव्हती रडली तशी. वीणा पाठीवरून हात फिरवत राहिली.

दोघी निघाल्या. वीणाचं लक्ष मात्र मागे होतं. ती थबकली.

"थांब गं. ऐक."

समुद्राच्या बाजूनं, लांबून, दोन आवाज येत होते. शब्द धड कळत नव्हते, धुकं आणि पाणी दोन्ही मध्ये होतं. एक पुरुष होता, जरा नाकात बोलणारा. तो काहीतरी सांगे आणि एक बाई त्याला लगेच झापे. अख्ख्या किनाऱ्यावर तेवढंच चाललं होतं. पुरुष खाकरला, आणि बाईचा आवाज चढला: "डोकंबिकं फिरलंय का तुझं?"

देवयानीनं वीणाचा हात घट्ट धरला. ते तोंड तिचं होतं. तो हेल, ते 'तुझं' वरचं नागपुरी जोर देणं, सगळं तिचं. किती बोलली होती ती वाटभर. त्यातून काय एकटा नवराच उभा राहणार होता होय? तिचं बोलणंही धुक्यानं उचललंच होतं.

वीणाचा चेहरा मात्र उजळला. परदेशात कुठेही मराठी कानावर पडलं की आपल्या माणसाचा होतोच तसा. "अगं, मराठी बोलतायत! नवरा-बायको दिसतात. आणि एवढ्या धुक्यात भांडताहेत बघ मेले, कुठल्या क्लबवरून तरी." ती वळलीच. "थांबू या ना दोन मिनिटं. विचारू या कुठले, ओळख होईल."

देवयानीनं तिचा हात सोडला नाही. कान मागे लागलेच होते. बाई हसली, पुरुष पुन्हा काहीतरी चुकीचं बोलला, बाईनं पुन्हा सुनावलं. दोघंही पाण्याकडे चालले होते आणि कुणालाच घाई नव्हती.

"नको," देवयानी म्हणाली. "त्यांचं त्यांना खेळू दे."